कोठीवरची हजेरी आणि हजेरीबाहेरच्या बायका

सकाळी सातच्या सुमाराला पुण्यातल्या आमच्या गल्लीत तिघी जणी कामाला लागलेल्या असतात. पहिली महापालिकेची कायम कामगार. आरोग्य कोठीवर, म्हणजे सफाई खात्याच्या हजेरीच्या चौकीवर, हजेरी लावून, झाडू घेऊन आलेली. दुसरीच्या हातात झाडू तसाच आणि वाट्याला रस्ताही तसाच, पण ती ठेकेदाराची. तिसरी झाडत नाही. ती ढकलगाडी घेऊन बिल्डिंगमध्ये शिरते, जिने चढते, दारोदारचा ओला आणि सुका कचरा वेगवेगळ्या बकेटांत घेते आणि खाली येऊन सुका कचरा पुन्हा निवडते.

पहिलीला वेतन आयोग लागू आहे. भविष्य निर्वाह निधी आहे, रजा आहे, निवृत्तीनंतरची तरतूद आहे. दुसरीला किमान वेतन, तेही ठेकेदाराने नीट दिलं तर. तिसरीला पालिकेकडून पगारच नाही. तिला पैसे देतो आम्ही, घरटी, महिन्याच्या महिन्याला, आणि सुक्या कचऱ्यातून निघणारं भंगार तिचं. शहर स्वच्छ ठेवणं हे महापालिकेचं कायद्याने ठरलेलं कर्तव्य. ते एकच कर्तव्य एका गल्लीत तीन वेगवेगळ्या दरांनी पार पडतं. आणि तिघींच्या जाती विचारल्या तर उत्तरं फारशी वेगळी येणार नाहीत.

हे टिपण तिसरीबद्दल आहे. कारण या तिघींमध्ये गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सगळ्यात जास्त शिकली असेल तर ती हीच, आणि त्या शिकण्याची नोंद पालिकेच्या कुठल्याही रजिस्टरात सापडत नाही तीही हिचीच.

वर्ग भरला, तो उकिरड्यावर

गोष्ट सुरू होते १९९० साली, कर्वे रस्त्यावर. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या निरंतर व प्रौढ शिक्षण विभागाने कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायचं ठरवलं. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या तिथल्या दोघी पुढे या सगळ्या कामाच्या कण्याशी राहिल्या. मुलांच्या मागोमाग त्यांच्या आया दिसू लागल्या, आणि आयांच्या मागोमाग कार्यकर्त्या कचराकुंड्यांपर्यंत गेल्या.

प्रौढ शिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गमभन गिरवणारी आजी येते. इथे आधी शिकायची पाळी शिकवणाऱ्यांवर आली. पोतं खांद्यावर टाकून दिवसभर फिरणारी बाई कमावते किती, आणि इतकं कमी का? उत्तर अक्षरओळखीत नव्हतं, कुंडीत होतं. खरकट्यात भिजलेला कागद निवडायला वेळ जातो, आणि ओला-मळका माल पाहून भंगारवाला भाव पाडतो. तोच कागद घरातून कोरडा मिळाला तर तास वाचतात आणि भावही बरा मिळतो. कचऱ्याचं वर्गीकरण हा शब्द शहराच्या तोंडी बसायच्या कितीतरी आधी या बायकांना तो पोटासाठी हवा होता.

मग कोथरूड भागात तीसेक बायकांना ओळखपत्रं मिळाली आणि त्या घरोघरी जाऊन सुका माल घेऊ लागल्या. बस्तान बसतंय तोच एका व्यावसायिकाने गाडी लावून घरोघरचा कचरा उचलायची तयारी केली. गाडी म्हणजे माल गेला, माल गेला म्हणजे चूल गेली. बायका उभ्या राहिल्या, विद्यार्थिनी आणि रहिवासी सोबतीला आले. या लढ्यात त्या जे शिकल्या ते साधं होतं: ओळखपत्र एकेकीला मिळालं तरी कचऱ्यावरचा हक्क एकेकीने टिकत नाही.

मे १९९३ मध्ये पुण्यात मेळावा झाला. शहरभरातून आठशेहून अधिक कचरावेचक जमले. हमालांचे नेते बाबा आढाव होते, आणि कचरावेचक आईचा मुलगा असलेले मोहन ननावरे होते. तिथे ठरलं की संस्था नको, युनियन हवी. नाव ठेवलं तेही मालाच्या यादीसारखं: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत.

मालक नसलेली युनियन

या निर्णयाचं वजन आज पटकन लक्षात येत नाही. युनियन म्हणजे समोर मालक हवा, गेट हवं, मागणीपत्र हवं, संपाची नोटीस हवी. इथे मालकच नाही. कचरा वेचणाऱ्या बाईने संप केला तर उपाशी कोण राहणार? तीच.

पण पुण्याला याचं उत्तर आधीपासून माहीत होतं, कारण आढावांची हमाल पंचायत, म्हणजे हमालांची युनियन, होती. हमालालाही एक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. तरी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडींसाठी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठी, माथाडी कायदा केला, मंडळं नेमली, व्यापाऱ्यांकडून मजुरीबरोबर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक जादा रक्कम, वसूल केली आणि त्यातून हमालाला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस मिळू लागला. मालक एक नसला तरी कामाची नोंद होऊ शकते, हे त्या कायद्याने दाखवून दिलं. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली इथे आहे. पुढे पुन्हा येतो.

संस्था आणि युनियन यांतला फरक शिक्षणाच्या बाजूनेही पाहण्यासारखा आहे. संस्थेच्या वर्गात बाई लाभार्थी असते, यादीत तिचं नाव दुसरं कोणी लिहितं. युनियनमध्ये ती वर्गणी भरते, आणि वर्गणी भरणारी बाई हिशोब विचारते. प्रौढ शिक्षणाची इतकी खात्रीची पद्धत मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

काय शिकल्या?

आधी ओळखपत्र. १९९५-९६ च्या सुमारास पुणे महापालिकेने पंचायतीच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. आपल्याला ते गळ्यातलं एक प्लास्टिक वाटेल. पण पहाटे पोतं घेऊन चाललेल्या बाईला चोरीच्या संशयावरून हटकलं जायचं, चौकीवर बसवलं जायचं. मान्यतेमुळे तिला सांगता येऊ लागलं की मी कामावर निघाले आहे. ‘कचरेवाली’ या शब्दाची जागा ‘कचरावेचक’ या शब्दाने घेतली. कोणी म्हणेल, यात फरक तो काय? एकदा जिन्यात उभी राहून एका मावशीने तो मला अर्ध्या वाक्यात समजावला होता: कचरा तुम्ही करता, मी वेचते, मग कचरेवालं कोण?

मग काटा. भंगारवाल्याकडे माल नेला की तो काटा मारतो, हे प्रत्येकीला ठाऊक असतं; मारला किती, हे वाचता आल्याशिवाय कळत नाही. पंचायतीने स्वतःचं भंगार दुकान काढलं, नाव ‘कष्टाची कमाई’. तिथे वजन समोर, भाव समोर, आणि नफ्यातला वाटा सभासदांना. पतसंस्था निघाली, कारण सावकार आणि भंगारवाला बहुतेकदा एकच माणूस असायचा आणि उचल घेतलेल्या बाईला माल दुसरीकडे नेता येत नसे. निरक्षर बाईला हिशोब येत नाही, हा आपला सुशिक्षितांचा भ्रम. हिशोब तिला तोंडपाठ असतो. नसतो तो हिशोबाचा कागद.

हात आणि कान काय शिकतात, तेही जवळून बघण्यासारखं आहे. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये निवडायला बसलेली बाई एक पिशवी उचलते, बोटांत चुरगाळते, आवाज ऐकते आणि न बघता डाव्या ढिगात टाकते. दुसरी चुरगाळते, ती उजव्या ढिगात. कुरकुरणारं प्लास्टिक वेगळं, मऊ वेगळं, आतून चंदेरी असलेलं वेफर्सचं पाकीट तिसरंच, त्याला भाव नाही. मी एकदा शेजारी बसून दहा मिनिटं प्रयत्न केला. माझे तिन्ही ढीग तिने हसत पुन्हा एकत्र केले. कारखान्यात या कामाला कुशल म्हणतील, त्याची श्रेणी ठरवतील.

मुलांचं धोरण पंचायतीने कडक ठेवलं: पोरं पोत्याला हात लावणार नाहीत, शाळेत जातील. केंद्र सरकारची ‘अस्वच्छ’ समजल्या जाणाऱ्या व्यवसायांतल्या पालकांच्या मुलांसाठीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती कचरावेचकांच्या मुलांनाही मिळावी म्हणून पंचायत भांडली. २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांसाठी आरोग्य विमा सुरू केला.

आणि मग तो आकडा. २००१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी पंचायतीने आणि एसएनडीटीने मिळून पाहणी केली. कचरावेचक रोज १४४ टन भंगार कचरा वाहून नेण्याआधीच बाजूला काढतात, त्यामुळे पालिकेचा वाहतूक खर्चच वर्षाला दीड कोटीहून अधिक वाचतो, आणि दरेक कचरावेचक महिन्याला २४६ रुपयांचं काम पालिकेसाठी फुकट करते, असं त्यात निघालं. दिवसाला आठ रुपये. आतापर्यंत मागणी ‘आम्हाला द्या’ अशी होती. या आकड्यानंतर ‘आम्ही तुम्हाला देतोय’ असं म्हणता येऊ लागलं. युनियनने आपल्या सभासदांच्या श्रमाची मोजणी स्वतः करावी आणि तो कागद आयुक्तांच्या टेबलावर ठेवावा, हे पगारदारांच्या युनियनांनाही क्वचितच जमतं. महागाई भत्त्याच्या तक्त्यापलीकडे आपल्याकडच्या किती युनियना स्वतःचा अभ्यास करतात, ते ज्याचं त्याने आठवून पाहावं.

नोकरी की सहकार?

शहरांच्या कचऱ्याबद्दल अलमित्रा पटेल यांनी केलेल्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातलं आणि २००० साली घनकचऱ्याचे नियम आले. घरोघरी जाऊन कचरा गोळा करणं पालिकांवर बंधनकारक झालं. कागदावर उत्तमच. पण कोथरूडची ती गाडी आता अख्ख्या शहरात येणार, हेही त्यात लिहिलेलं होतं. बायका कुंडीवर अवलंबून, आणि कुंड्या जाणार.

पंचायतीने आधी प्रयोग करून दाखवला, मग २००७ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था नोंदवली आणि २००८ मध्ये महापालिकेशी पाच वर्षांचा करार केला. घरोघरच्या कचऱ्याचं काम सभासदांचं. व्यवस्थापनासाठी आणि साधनांसाठी पैसे पालिकेचे. मजुरी मात्र नागरिकांकडून, सुरुवातीला घरटी महिन्याला किमान १० रुपये. दोघींच्या जोडीला साधारण तीनशेच्या आतबाहेर घरं. आज संस्थेचे सभासद साडेतीन हजारांच्या आसपास आहेत, मोठ्या संख्येने दलित बायका. त्यांतल्या कित्येकींची घराणी बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्यात आलेली.

इथे मतभेद होतात, आणि व्हायला हवेत. कामगार चळवळीतली माझी काही मित्रमंडळी या कराराकडे नापसंतीने बघतात. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. काम पालिकेचं, बारमाही आणि अत्यावश्यक. मग पालिकेने कायम नोकर नेमावेत. पगाराचा बोजा नागरिकाच्या दारावर ढकलायचा आणि त्याला सहकार म्हणायचं, हा स्वस्तात काम उरकण्याचा मार्ग झाला. युनियननेच मालकाची अडचण सोडवली! मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने दुसरा रस्ता धरला होता. ठेकेदारी बनावट आहे, कामगार महापालिकेचेच आहेत, असा दावा लावून त्यांनी २०१७ साली सर्वोच्च न्यायालयातून २,७०० कामगारांना कायम करण्याचा हुकूम मिळवला. पुण्याने तसं का केलं नाही?

बराच काळ मलाही हा प्रश्न बिनतोड वाटायचा. आता तितका वाटत नाही. पालिकेने पदं भरायची म्हटली की जाहिरात निघते. जाहिरातीत वयाची अट येते, शिक्षणाची अट येते, कागदपत्रं येतात. पन्नाशीची, अंगठा उठवणारी, जन्मदाखला नसलेली बाई त्या रांगेत कितवी असेल? आणि कामाला गाडी व पगार जोडला की त्या गाडीवर पुरुष चढतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे. सगळ्यांना नोकरी ही मागणी तत्त्वाला धरून होती, पण तिच्यातून याच बायका गळाल्या असत्या. सहकाराने त्यांना आत ठेवलं. सरकारी नोकरीत समता असते असं आपण धरून चालतो. दारातून आत गेलेल्यांमध्ये ती असतेही. दार किती रुंद, हा हिशोब वेगळा.

तरीही मित्रांचा अर्धा मुद्दा उरतोच.

सेवापुस्तिका

कायम कामगार शिकला तर काय होतं ते पाहा. झाडू मारता मारता कोणी दहावी झाला, पुढे स्वच्छता निरीक्षकाची पदविका केली, तर मुकादम, निरीक्षक अशा पायऱ्या निदान नियमात तरी आहेत. सगळ्यांना मिळतात असं नाही. वर्षानुवर्षं झाडूच हातात राहिलेले पदवीधरही आहेत. पण त्यांना भांडायला जागा आहे, कारण सेवापुस्तिका आहे. तीत शिक्षणाची नोंद होते, सेवाज्येष्ठता मोजली जाते, अन्याय झाला तर पान उघडून दाखवता येतं.

तिसरीने काय काय केलं? वर्गीकरण शिकली. खत आणि बायोगॅसचे प्रकल्प चालवायला शिकली. सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर उभं राहून महिन्याचे पैसे मागायला शिकली, आणि हे मी सगळ्यात अवघड मानतो. वापरलेलं सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आमचा हात तिकडे जाणार नाही, हे तिने सुशिक्षित घरांना शिकवलं. तिच्या मैत्रिणी २००९ च्या कोपनहेगन हवामान परिषदेपर्यंत जाऊन आल्या. पुण्याचा कचरा जिथे टाकला जायचा त्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा शहराला वर्गीकरणाची आठवण झाली. तिला ते आधीपासून येत होतं. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असं स्पष्ट लिहिलं.

आणि वीस वर्षांनंतर तिचा हुद्दा कोणता? पहिल्या दिवशी होता तोच. अनुभवाची वेतनवाढ नाही, कारण वेतन नाही. आजारी पडली तर बदली तिनेच शोधायची, जाऊ नाही तर लेक. गुडघे गेले की जिने बंद, जिने बंद की घरं बंद. शिकण्याने तिची पत वाढली, धीर वाढला, मिळकतही वाढली, पण या वाढीला पालिकेच्या बाजूने कुठला रकाना नाही. प्रशिक्षण तिला भरपूर मिळतं. ज्या पायरीवर चढण्यासाठी प्रशिक्षण असतं ती पायरी बांधलेली नाही.

उलट्या बाजूची गोष्टही सांगायला हवी. पहिलीकडे लाड-पागे समितीच्या शिफारशींचं संरक्षण आहे: सफाई कामगार निवृत्त झाला वा वारला तर वारसाला नोकरी. या हक्काने हजारो घरं तगली, आणि तो काढून घ्या असं म्हणायची माझी छाती नाही. पण वारशात मिळतो तो झाडूच, आणि पदवी झालेली पोरंही कायम नोकरीसाठी तो उचलतात. पहिलीच्या घरी नोकरी सुरक्षित आहे म्हणून पोरगा झाडूकडे वळतो. तिसरीच्या घरी काहीच सुरक्षित नाही, म्हणून आई पोरीला वह्या घेऊन देते आणि गाडीला हात लावू देत नाही. यातलं कोण पुढे, कोण मागे, हे मला ठरवता येत नाही.

ही असुरक्षितता किती खरी आहे ते २०२० च्या अखेरीस दिसलं. महापालिकेशी असलेला करार संपला आणि काम छोट्या छोट्या मुदतवाढींवर चालू राहिलं. टाळेबंदीत रोज दारात आलेल्या बायका, आणि त्यांचं पुढच्या महिन्याचं काम स्थायी समितीच्या बैठकीवर टांगलेलं. ठेकेदारांची नावं हवेत होती. तेव्हा बायका मोर्चाने गेल्या आणि नागरिकांनी, ज्यांचे जिने त्या चढतात त्यांनी, बाजू घेतली. काम टिकलं. पण कायम कामगाराला आपली नोकरी टिकावी म्हणून गिऱ्हाइकांचं प्रशस्तिपत्र लागत नाही, आणि तिसरीला ते दर करारागणिक लागतं.

म्हणून मी माथाडीकडे परत येतो. कायम नोकरी किंवा करार, या दोनांपलीकडे एक जागा आहे. कामाची आणि वर्षांची नोंद ठेवणारं मंडळ, पालिकेची दर सभासदामागे ठरलेली लेव्ही, भंगाराच्या व्यापारातूनही लेव्ही, आणि त्यातून निवृत्तिवेतन, आजारपणाचा पगार, प्रशिक्षणाला दर्जा. खत प्रकल्प चालवणारी आणि फक्त कचरा घेणारी यांत त्यामुळे फरक पडेल, आणि तो कागदावर दिसेल. बाजारसमितीतल्या पोत्यासाठी हे सुमारे साडेपाच दशकांपूर्वी जमलं. भंगाराच्या पोत्यासाठी का जमू नये, याचं पटेल असं कारण मला अजून कोणी दिलेलं नाही. पैसे नाहीत हे कारण सोडून. ते हमालांच्या वेळीही दिलं गेलं असणार.

साडेदहाच्या सुमाराला तिघी पुन्हा एका ठिकाणी दिसतात, जिथे पालिकेचा ट्रक ओला कचरा घ्यायला थांबतो. तिसरी आपली बकेटं ट्रकमध्ये उलटी करते, आपटून रिकामी करते, नळावर विसळते. निवडलेल्या पुठ्ठ्याचे गठ्ठे गाडीवर बांधते. मग कमरेची छोटी वही काढते आणि आज कुठल्या घरांनी पैसे दिले तिथे पेन्सिलने टिंब देते. घरांचे आकडे तिने स्वतः लिहिलेले आहेत, सातचा आकडा थोडा उलटा. पहिली आणि दुसरी झाडू उचलून हजेरीसाठी कोठीकडे चालू लागतात. तिसरी वही खोचते आणि भंगाराच्या दुकानाची वाट धरते, ती विरुद्ध दिशेला आहे.